अदृश्याचे मोजमाप

गेल्या हिवाळ्यात वरच्या वर्गातील मुलांस बरोबर घेऊन आम्ही मुलुंडच्या पूर्वेस खाडीकाठी पक्षी पाहण्यास गेलो होतो. मिठागरे मागे टाकून तिवरांच्या रांगेपाशी पोहोचलो, तेव्हा ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित पक्ष्यांचा, म्हणजे हल्ली सर्वजण ज्यांस फ्लेमिंगो म्हणतात त्यांचा, मोठा थवा माना खाली घालून चरत होता. मुले पक्षी मोजण्यात दंग असता खाडीकाठच्या एका कोळी कुटुंबातील मुलाने आम्हांस हळूच विचारले, "सर, ह्या चिखलात अणूचं विष आहे का?"

असे का विचारतोस म्हणून पुसता त्याने सांगितले की, त्याची आई बाजारात निवट्या आणि खेकडे घेऊन बसते. आदल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने निवडून घेतलेली मासळी पुन्हा पाटीत टाकली आणि म्हटले, "खाडीची आहे ना? त्याच खाडीवर पुढे अणुभट्टी आहे. आम्हांला नको." ते ऐकून शेजारच्या दोन बायकाही निघून गेल्या. त्या दिवशी तिचा माल तसाच उरला.

आम्ही इतकी वर्षे विज्ञान शिकवीत आलो. तथापि त्या मुलास त्या क्षणी सरळ उत्तर देणे आम्हांस जमले नाही. "आहे" म्हणावे तर त्या माउलीच्या पोटावर पाय येणार. "मुळीच नाही" म्हणावे तर ते असत्य होणार. विचार करता आमच्या ध्यानी आले की, "आहे की नाही" हा प्रश्नच अपुरा आहे. "काय आहे, किती आहे, कोठून आले आणि किती चालेल" असे चार प्रश्न विचारल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, व ते मोजमापाखेरीज सांपडत नाही. ते मोजमाप कसे करतात हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. काही अणूंची केंद्रे स्वभावतः अस्थिर असतात. ती आपोआप फुटतात व फुटताना किरण बाहेर टाकतात; यासच आपण किरणोत्सर्ग म्हणतो. एका सेकंदात एक केंद्र फुटले तर त्या पदार्थाची क्रियाशीलता एक बेकरेल आहे असे म्हणतात. हे माप फारच लहान आहे. आपल्या सर्वांच्या शरीरात पोटॅशियम असते, आणि त्याचा एक अत्यल्प अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. त्यामुळे धडधाकट प्रौढ माणसाच्या देहात दर सेकंदास सुमारे ४,००० केंद्रे फुटत असतात. सृष्टीच्या आरंभापासून हे असेच चालले आहे. यास्तव "यात किरणोत्सर्ग आहे" एवढ्यावरून भिण्याचे कारण नाही. तसे असते तर आपणांस आपल्या स्वतःपासूनच पळावे लागले असते.

मानवाने निर्माण केलेले किरणोत्सर्गी पदार्थ मात्र वेगळे. प्रत्येकाचे एक अर्धायुष्य असते, म्हणजे ज्या काळात त्याचे निम्मे अणू फुटून जातात तो काळ. अणुस्फोटातून व अणुभट्टीतून निघणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे; दोन-तीन महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे, आणि स्ट्रॉन्शियम-९० चे सुमारे २९ वर्षांचे. १९६३ साली जमिनीवर पडलेल्या सीझियमचा चौथा हिस्सा २०२३ सालीही शिल्लक होता. मागे रेंगाळणारे प्रदूषण म्हणतात ते मुख्यत्वे या दोघांचे.

हे पदार्थ जगभर पसरले कसे? १९४५ पासून मोठ्या राष्ट्रांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या शेकडो चाचण्या केल्या. त्यांची धूळ उंच वातावरणात चढली, वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर फिरली आणि पावसाबरोबर सर्व देशांवर उतरली. आपली मुंबईही तीतून सुटली नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर झालेल्या स्फोटाची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. तिच्यावरील २३ कोळी आजारी झाले व त्यांपैकी एक त्याच वर्षी मरण पावला. त्यानंतर जपानच्या बंदरांत उतरणारी मासळी मोजयंत्रांनी तपासण्यात येऊ लागली, आणि दूषित आढळलेली मासळी टाकून द्यावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी या चाचण्या थांबविण्याचे आवाहन लोकसभेत केले. १९६३ साली हवेतील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला व भारतानेही त्यावर सही केली. पुढे २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे आणि मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा येथे अणुभट्ट्यांचे अपघात होऊन या धुळीत नवी भर पडली.

जमिनीवर पडलेली ही धूळ सजीवांच्या देहात शिरते ती फसवणुकीने. सीझियम हे रसायनदृष्ट्या पोटॅशियमचे भावंड असल्यामुळे वनस्पती व प्राणी ते पोटॅशियम समजूनच घेतात आणि ते स्नायूंत पसरते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी जाऊन हाडांत, दातांत व शिंपल्यांत बसते. अमेरिकेतील सेंट लुई शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टर, शास्त्रज्ञ व गृहिणी यांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्यास आरंभ केला. पुढील वर्षांत तीन लाखांवर दात जमले. दात देणाऱ्या प्रत्येक मुलास एक बिल्ला मिळे. जसजशा चाचण्या वाढल्या तसतसे त्या काळी जन्मलेल्या मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियम वाढत गेले, हे त्या दातांनी सिद्ध केले. आपला एक दात देऊन शास्त्राच्या कामी हातभार लावता येतो, हे आमच्या बालवाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी पाहू. मासा, चिखल, दूध, पालेभाजी, काहीही असो, प्रथम नमुना नीट घ्यावा लागतो. कोणत्या ठिकाणचा, कोणत्या तारखेचा, भरतीचा की ओहोटीचा, हे सर्व लिहून ठेवतात. मग तो स्वच्छ करून, वाळवून व पुष्कळदा जाळून त्याची राख करतात, कारण थोडक्या जागेत अधिक पदार्थ मावला म्हणजे मोजणी सोपी होते. येथे एक मोठी चूक होऊ शकते. ओल्या माशाच्या एका किलोमागे किती आणि वाळविलेल्या माशाच्या एका किलोमागे किती, हे आकडे अगदी निराळे येतात. पाणी गेले की वजन घटते, पण सीझियम तेवढेच राहते. म्हणून आकड्यापुढे "ओले" की "सुके" हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा निरुपयोगी समजावा.

नंतर तो नमुना शोधकयंत्रापुढे ठेवतात. उत्तम प्रतीच्या यंत्रात जर्मेनियमचा अत्यंत शुद्ध स्फटिक असतो, व तो द्रवरूप नायट्रोजनने उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलेला असतो. भोवती शिशाच्या जाड भिंती असतात, कारण जमीन, भिंती आणि आकाश यांतूनही किरण येतच असतात. पुष्कळ किरणोत्सर्गी पदार्थ आपापल्या ठराविक शक्तीचे गॅमा किरण टाकतात. सीझियम-१३७ चा किरण ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, तर पोटॅशियम-४० चा १,४६१ चा. यंत्र त्यांस वेगवेगळ्या कप्प्यांत मोजते. बाजाराच्या गलबल्यातही आपल्या आईची हाक जशी मूल ओळखते, तद्वत यंत्र सीझियमचा किरण ओळखते. स्ट्रॉन्शियम-९० असा गॅमा किरण टाकीत नाही. त्यास रसायनशाळेत इतर द्रव्यांपासून वेगळे करूनच मोजावे लागते, म्हणून ते काम अधिक वेळाचे व अधिक खर्चाचे आहे.

आमच्या विद्यार्थ्यांसाठी एक गणित देतो. समजा, अर्धा किलो सुका चिखल यंत्रापुढे १०,००० सेकंद ठेवला. नैसर्गिक पार्श्वभूमी वजा जाता सीझियमच्या कप्प्यात ८५० ठोके नोंदले गेले. सीझियमची १०० केंद्रे फुटली असता त्यांतून तो विशिष्ट किरण ८५ वेळाच निघतो, आणि निघालेल्या १०० किरणांपैकी आपल्या यंत्रास २ च दिसतात असे धरू. तर ८५० ला १०,००० ने, ०.८५ ने व ०.०२ ने भागावे. उत्तर ५ बेकरेल येते. अर्ध्या किलोत ५, म्हणजे एका किलोत १० बेकरेल. परंतु केंद्रे फुटतात ती नियमाने नव्हे, यदृच्छेने. म्हणून मोजलेल्या ठोक्यांच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता तरी धरावीच लागते. ८५० चे वर्गमूळ सुमारे २९, म्हणजे शेकडा साडेतीन. यास्तव प्रामाणिक शास्त्रज्ञ "१०" असे न लिहिता "१० अधिक-उणे ०.३" असे लिहितो, आणि यंत्रास काहीच दिसले नाही तर "शून्य" असे न लिहिता "अमुक मर्यादेहून कमी" असे लिहितो. जगातील निरनिराळ्या प्रयोगशाळांस एकच नमुना पाठवून त्यांची उत्तरे जुळतात की नाही, हेही वेळोवेळी तपासले जाते.

या मोजमापाचा प्रश्न एकदा मुंबईच्या घराघरांत येऊन ठेपला होता. चेर्नोबिलच्या अपघातानंतर वाऱ्यापावसाबरोबर त्याची धूळ आयर्लंडच्या कुरणांवरही पडली. ते गवत गाईंनी खाल्ले. पुढे युरोपीय देशांच्या मदतीतून आपल्या दूधयोजनेसाठी आयर्लंडचे लोणी आले. तेव्हा मुंबईतील काही नागरिकांनी २०० टन लोण्याची वाटणी थांबवावी म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला. तेथे तो नामंजूर झाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने प्राध्यापक मेनन, डॉक्टर अय्यंगार व डॉक्टर राव या तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिला विचारले की, अणुऊर्जा नियामक मंडळाने १९८७ साली ठरविलेल्या मर्यादेच्या आत किरणोत्सर्ग असलेले दूध व इतर अन्न माणसास निर्धोक आहे काय? समितीने "आहे" असे उत्तर दिले व १९८८ साली तो अर्ज निकालात निघाला.

या प्रकरणात आम्हांस दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे, सीझियम पाण्यात विरघळते, स्निग्धांशात नव्हे. दूध घुसळले असता त्यातील बहुतेक सीझियम ताकात उतरते व लोण्यात फार थोडे राहते. ज्या घरांत रवी फिरते, तेथील मातांस हे सहज पटेल. दुसरी गोष्ट अशी की, प्रश्न विचारणारे नागरिक हरले असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी विचारले म्हणूनच मर्यादा काय, ती कोणी ठरविली आणि कशावरून, याचा ऊहापोह देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयात झाला.

रानातील प्राण्यांच्या बाबतीत मोजमाप किती अनपेक्षित सत्य बाहेर काढते, याचे उदाहरण जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात घडले. चेर्नोबिलनंतर तेथील हरणांच्या मांसातील सीझियम वर्षांगणिक उतरत गेले. रानडुकरांचे मात्र तितके उतरेना. डुकरे जमीन उकरून एक प्रकारची भूमिगत अळंबी खातात. सीझियम मातीतून अत्यंत मंद गतीने खाली झिरपते व त्या अळंब्यांत साठते, हे कारण ठाऊक होते. पण ते सीझियम कोणाचे? व्हिएन्ना व हॅनोव्हर येथील शास्त्रज्ञांनी २०१९ ते २०२१ या काळातील ४८ नमुने घेतले व सीझियम-१३७ बरोबर त्याचे दीर्घायुषी भावंड सीझियम-१३५ हेही मोजले. या दोहोंचे प्रमाण बॉम्बच्या धुळीत अधिक व अणुभट्टीच्या धुळीत कमी असते, म्हणून ते बोटांच्या ठशासारखे उपयोगी पडते. २०२३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, शेकडा ८८ नमुने किलोमागे ६०० बेकरेल या तेथील मर्यादेच्या वर होते, आणि त्यांतील सीझियमपैकी शेकडा १० ते ६८ इतका भाग साठ वर्षांपूर्वीच्या बॉम्बचाचण्यांचा होता. सर्व दोष चेर्नोबिलच्या माथी मारला जात होता. मोजमापाने जुना गुन्हेगार दाखवून दिला.

आता आपल्या खाडीकडे वळू. मुलुंड, भांडुप, विक्रोळी व घाटकोपर यांच्या पूर्वेने वाहणारी ठाण्याची खाडी दक्षिणेस ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पायथ्याशी जाते. तेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही आशियातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढे १९६० साली 'सायरस' आली, ती २०१० च्या अखेरीस बंद झाली. १९८५ पासून 'ध्रुव' आहे. तेथील सौम्य क्रियाशीलतेचे सांडपाणी शुद्ध करून, मोजून, ठरविलेल्या मर्यादेत खाडीत सोडले जाते. खाडीचे पाणी, गाळ व जलचर यांची तपासणी तेथील शास्त्रज्ञ कित्येक दशके करीत आले आहेत. मुंबई बंदरातील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या या संचाराविषयीचा त्यांचा एक विस्तृत निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला.

या मोजण्यांवरून दिसते की, पाण्यातील सीझियम चिखलाच्या बारीक कणांस घट्ट चिकटते व गाळात बसते. सांडपाणी सोडण्याच्या जागेजवळ ते अधिक, दूर जावे तसे कमी. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम विपुल असल्यामुळे खाऱ्या पाण्यातील मासे सीझियम गोड्या पाण्यातील माशांच्या मानाने पुष्कळच कमी उचलतात. खाडीचा गाळ तर पंचांगासारखा वाचता येतो. नळी खोल रोवून गाळाचा उभा गाभा काढला, तर १९६३ च्या सुमाराचा थर त्यातील बॉम्बधुळीच्या सीझियमवरून ओळखू येतो. ठाण्याच्या खाडीत हीच युक्ती योजून शिसे व पारा यांचे प्रदूषण कोणत्या काळात वाढले, याचा शोध शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केला. खेकडे बिळे करून थर ढवळतात, त्यामुळे हे पंचांग वाचणारास सावध राहावे लागते, एवढेच.

बेकरेल हे केंद्रे किती फुटली याचे माप झाले. देहास अपाय किती, याचे माप सिव्हर्ट. निसर्गाकडून प्रत्येक माणसास वर्षास सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. अणुकेंद्रांमुळे जनतेस याखेरीज वर्षास १ मिलिसिव्हर्टहून अधिक मिळू नये, अशी आपल्या देशातील मर्यादा आहे. व प्रत्यक्षात मिळणारी मात्रा तिच्या लहानशा अंशाइतकीच आहे, असे नियामक मंडळाचे अहवाल सांगतात.

परंतु येथे एक गोष्ट आईबापांपुढे स्पष्टपणे मांडणे आमचे कर्तव्य आहे. सोडणारा, मोजणारा व मर्यादा ठरविणारा हे तिघेही एकाच घरचे असतील, तर आकडा खरा असूनही लोकांच्या मनात किंतु राहतो. नियामक मंडळास कायद्याने पुरेशी स्वायत्तता नाही, असा अभिप्राय २०१२ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी दिला होता. पवित्र शास्त्राने खोट्या तराजूचा धिक्कार केला आहे. आम्हांस वाटते की, तराजू खरा असणे जितके अगत्याचे, तितकेच तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरलेला असणेही अगत्याचे आहे. कोळीण आपला तराजू उघड्यावर धरते. मोठ्या संस्थांनीही तसाच धरावा, असे मागण्याचा आपणांस हक्क आहे.

तर त्या मुलास आमचे उत्तर असे. होय, बाळ, या चिखलात किरणोत्सर्गी अणू आहेत. त्यांतील बहुतेक पृथ्वीच्या जन्मापासूनचे आहेत, काही परक्या राष्ट्रांच्या बॉम्बचे, आणि काही आपल्या केंद्राचे. जे मोजले गेले आहे त्यावरून तुझ्या आईची पाटी नाकारण्यास हे कारण पुरेसे नाही. या खाडीत गावाचे मैलापाणी व कारखान्यांची घाण येते, ती आम्हांस अधिक चिंतेची वाटते. आणि तीही मोजलीच पाहिजे. २०१५ पासून हिच्या एका भागास फ्लेमिंगो अभयारण्याचा मान मिळाला आहे, आणि २०२२ साली ती जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. जेथे पाहुणे पक्षी जेवावयास येतात, तेथील ताट स्वच्छ राखणे यजमानाचे काम होय.

तू चांगला शीक. गणित व रसायन यांचा कंटाळा करू नकोस. तुमच्यापैकीच कोणी उद्या त्या यंत्रापुढे बसला, आणि आलेला आकडा "अधिक-उणे" सकट जसाच्या तसा लिहू लागला, तर त्या गिऱ्हाइकाच्या शंकेस खरे उत्तर मिळेल.